२४ मार्च : ‘सेक्सी बीस्ट’ची हुकलेली बाहुली

२४ मार्च २००२च्या ऑस्कर सोहळ्यात सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार ‘आयरिस’साठी जिम ब्रॉडबेंटला मिळाला आणि ‘सेक्सी बीस्ट’मधला बेन किंग्जलेचा डॉन लोगन मागे राहिला. जोनाथन ग्लेझरच्या या पहिल्याच चित्रपटात धंदा सोडून स्पेनच्या उन्हात सुखात लोळणाऱ्या गॅलला दरोड्यासाठी लंडनला न्यायला डॉन येतो. पडद्यावरचे गांधीजी शिव्या घालतात, या नवलाईपोटीच समीक्षकांनी किंग्जलेला डोक्यावर घेतलं, असं म्हणता येईल. नवलाई होतीच, पण ती चार-दोन प्रसंगांत विरते. मग उरते निव्वळ दहशत, आणि ती पिस्तुलातून येत नाही. समोरच्याचा नकार या माणसाला ऐकूच येत नाही. परतीच्या विमानात सिगारेट विझवायला तो नकार देतो, उतरवला जातो आणि थेट पुन्हा गॅलच्या दारात! डॉन गेल्यावर चित्रपट ढिला पडतो, हा आक्षेप अधिक वजनदार. तुर्की हमामातून तिजोरीत शिरण्याची करामत बेताचीच आहे. मात्र गॅल ती अनिच्छेनं, ओढूनताणून पार पाडतो, म्हणून तिथे थरार नसणंच कथेला धरून आहे. डॉनचा धाक खरा वाटतो तो रे विन्स्टनच्या घामेजल्या, अवघडलेल्या गॅलमुळे. विन्स्टनला मात्र ऑस्करचं साधं नामांकनही नव्हतं.