पिशवी वाचवणारे औषध

‘पिशवी काढावी लागेल.’ ज्या घरात अजून पाळणा हललेला नाही, तिथे हे वाक्य कसे ऐकले जाते, ते स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मी पाहिले आहे.

कधी कधी गर्भ वाट चुकून गर्भनलिकेत रुजतो. नळी फुटते, पोटात रक्तस्राव होतो. १८८१ मध्ये बर्मिंगहॅमचे सर्जन लॉसन टेट यांना अशा एका बाईचे पोट उघडण्याचा धीर झाला नाही, ती गेली. १८८३ मध्ये मात्र त्यांनी फुटलेली नळी काढून दुसरीला वाचवले. एक नळी गेली तरी दुसरी उरते. पण गर्भ नळीच्या मुळाशी, गर्भाशयाच्या कोपऱ्यात किंवा थेट गर्भाशयाच्या मुखात रुजला तर? अशी उदाहरणे विरळा, पण तिथे रक्तवाहिन्यांचे जाळे दाट. जीव वाचवायचा तर पिशवीवर पाणी सोडायचे, हाच कित्येक दशके शिरस्ता होता.

तो मोडणाऱ्या औषधाची कुळकथा मला फार आवडते. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत होते. वाढत्या पेशींना फॉलिक ॲसिड लागते. त्यांच्या चमूने त्याची नक्कल करून पेशींना फसवणारी द्रव्ये बनवली. त्यांतल्या एकाने १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना काही काळ आराम दिला. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. त्या द्रव्याचे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९५६ मध्ये ली आणि हर्ट्झ यांनी ते वारेच्या कर्करोगावर वापरले. मग भलत्या जागी रुजलेल्या वारेवर का नको? कोपऱ्यातला गर्भ चाकू न लावता या औषधाने विरवल्याचे जपानच्या तानाका आणि सहकाऱ्यांनी सांगितले, तेव्हा १९८२ साल उजाडले होते.

धोका मात्र तिथेच संपत नाही. कधी गर्भ विरतो, पण त्याच्यासाठी फुगलेल्या रक्तवाहिन्या तशाच राहतात. धमनी आणि शीर यांचा गुंता होतो. सोनोग्राफीत काहीतरी ‘उरलेले’ दिसले म्हणून घाईने क्युरेटिंग केले, तर रक्ताचा लोंढाच लागतो. म्हणून आधी रंगीत डॉप्लर. गुंता फारच रक्त सांडू लागला, तर मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन तो आतून बुजवता येतो.

मेथोट्रेक्सेट देताना मी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करते आणि निदान तीन महिने दिवस राहू देऊ नका, असे बजावते. ‘म्हणजे नंतर चालेल?’ हा प्रश्न ठरलेला. चालेल म्हणते, आणि त्याच गोळ्या पुन्हा लिहून देते.