अमेरिका-चीन चिपस्पर्धा

अमेरिका-चीन चिपस्पर्धा : अर्धसंवाहक चिप्स, त्या घडवणारी यंत्रे आणि त्यांच्या उद्योगाला लागणारी खनिजे यांवरील ताब्यासाठी अमेरिका व चीन यांच्यात चाललेला आर्थिक-तांत्रिक संघर्ष. २०१८ मध्ये आयातशुल्कावरून त्याला तोंड फुटले. पुढच्या वर्षापासून निर्यातबंदी हे त्यातले मुख्य हत्यार झाले. मोबाइल, मोटार, क्षेपणास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या साऱ्यांना चिप लागते. त्यामुळे व्यापार कुठे संपतो आणि राष्ट्रीय सुरक्षा कुठे सुरू होते, याची सीमारेषा या संघर्षात पुसट झाली आहे.

पार्श्वभूमी : दोन्ही देशांत १ जानेवारी १९७९ रोजी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. पुढे कामांची एक वाटणी रुळली : चिपचे आराखडे प्रामुख्याने अमेरिकेत, सर्वांत प्रगत चिप्सचे उत्पादन तैवान व दक्षिण कोरियात आणि उपकरणांची जुळणी चीनमध्ये. मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानात स्थापन केलेली टीएसएमसी ही कंपनी स्वतःच्या नावाची चिप विकत नाही. इतरांच्या आराखड्यांवरून चिप्स घडवून देते. चीन चिप्सच्या आयातीवर दरवर्षी ३०० अब्ज डॉलरहून अधिक खर्च करतो आणि अनेक वर्षी हा आकडा त्याच्या खनिज तेलाच्या आयातीहून मोठा ठरला आहे. हे परावलंबन कमी करण्यासाठी चीनने २०१४ मध्ये चिप उद्योगासाठी राष्ट्रीय गुंतवणूक निधी उभारला आणि २०१५ मध्ये ‘मेड इन चायना २०२५’ हा कार्यक्रम जाहीर केला. सरकारी पैशाच्या जोरावर आपले तंत्रज्ञान पळवले जात असल्याचा आक्षेप अमेरिकेने घेतला.

शुल्क आणि कंपन्या : ६ जुलै २०१८ रोजी ट्रम्प प्रशासनाने ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के शुल्क बसवले. चीनने त्याच दिवशी सोयाबीनसह अमेरिकी मालावर तेवढेच शुल्क लावले. १५ जानेवारी २०२० रोजी ‘पहिल्या टप्प्या’चा करार झाला, तरी बहुतेक शुल्के बायडेन यांच्या काळातही कायम राहिली.

चिपची ताकद मात्र दुसऱ्याच प्रकरणात दिसली. निर्बंधभंगाच्या प्रकरणातील अटी न पाळल्यामुळे एप्रिल २०१८ मध्ये झेडटीई या चिनी दूरसंचार कंपनीला अमेरिकी सुटे भाग मिळणे बंद झाले आणि काही आठवड्यांतच तिला आपले प्रमुख कामकाज थांबवावे लागले. एक अब्ज डॉलरचा दंड भरल्यानंतर ती सुटली. मे २०१९ मध्ये ह्वावे ही चिनी दूरसंचार कंपनी अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत गेली. पुढच्या वर्षी नियम आणखी आवळला गेला : अमेरिकी यंत्रे किंवा सॉफ्टवेअर वापरून घडवलेली चिप, ती जगात कुठेही बनलेली असो, परवान्याविना ह्वावेला देता येईना. टीएसएमसीने सप्टेंबर २०२० पासून तिला होणारा पुरवठा थांबवला.

यंत्रांची कोंडी : अतिसूक्ष्म चिपसाठी लागणारी, प्रकाशाने चिपवर आराखडा छापणारी ईयूव्ही यंत्रे नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. या यंत्रात वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे ५० हजार वेळा लेसरचा मारा होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवेत आणि काचेतही शोषला जातो. म्हणून साऱ्या यंत्रणेत निर्वात पोकळी राखावी लागते आणि भिंगांऐवजी जर्मनीच्या झाईस कंपनीचे आरसे वापरावे लागतात. प्रकाशाचा स्रोत मूळच्या अमेरिकी तंत्रज्ञानाचा असल्याने वॉशिंग्टनच्या शब्दाला येथे वजन आहे. चीनला अशी यंत्रे विकण्यावर बंदी आहे आणि एएसएमएलने एकही यंत्र तिकडे पाठवलेले नाही.

७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रगत चिप्स आणि चिपनिर्मितीची यंत्रे यांच्या चीनकडील निर्यातीवर व्यापक निर्बंध घातले. २०२३ मध्ये जपान व नेदरलँड्सनेही आपापले नियम कडक केले. त्याआधी, ९ ऑगस्ट २०२२ रोजी, अमेरिकेत चिप्स कायदा झाला होता. त्यात देशी चिप उद्योगासाठी सुमारे ५२.७ अब्ज डॉलरची तरतूद होती.

निर्बंधांतून वाटाही निघाल्या. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस ह्वावेचा ‘मेट ६० प्रो’ हा फोन बाजारात आला. त्यातील चिप चीनच्या एसएमआयसी कंपनीने जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर, एकाच थरावर पुन्हापुन्हा छपाई करून घडवली होती. या पद्धतीत खर्च वाढतो आणि बाद चिप्सचे प्रमाणही वाढते, पण काम अडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीने तुलनेने कमी चिप्सवर घडवल्याचे सांगितलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाने खळबळ उडवली आणि २७ जानेवारीला एका दिवसात एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीचे बाजारमूल्य सुमारे ५९० अब्ज डॉलरने घसरले.

खनिजांचे प्रत्युत्तर : नाक दाबले की तोंड उघडते, हा न्याय चीननेही वापरला. बॉक्साइटपासून ॲल्युमिनिअमकडे जाताना उपपदार्थ म्हणून मिळणाऱ्या गॅलिअमच्या प्राथमिक उत्पादनात चीनचा वाटा ९५ टक्क्यांहून अधिक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलिअम व जर्मेनिअमच्या निर्यातीला परवाना लागू झाला. ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांची चुंबके परवान्याखाली आली. दुर्मिळ मृदांमध्ये एकेकाळी कॅलिफोर्नियातील माउंटन पास खाण आघाडीवर होती. आज त्यांच्या शुद्धीकरणाचे सुमारे ९० टक्के काम चीनमध्ये होते. चुंबकांअभावी त्या वर्षी शिकागोतील फोर्डचा कारखाना काही दिवस बंद राहिला. झळ पुण्यापर्यंतही पोहोचली : ऑगस्ट २०२५ मध्ये बजाज ऑटोच्या विजेवर चालणाऱ्या चेतक स्कूटरच्या उत्पादनाला याच टंचाईने खीळ बसली.

मूल्यमापन : निर्बंधांमुळे चीनची प्रगत चिपनिर्मिती मंदावली, पण तिला सरकारी पैसा आणि हक्काचे देशी गिऱ्हाईकही मिळाले. अमेरिकेने टीएसएमसीला ॲरिझोनात आणले, तरी सर्वांत प्रगत उत्पादनाचा गाभा तैवानातच आहे. शुल्काने कोणीच नमले नाही. एप्रिल २०२५ मध्ये ते अमेरिकेकडून १४५ आणि चीनकडून १२५ टक्क्यांपर्यंत चढले आणि मे महिन्यात जिनीव्हातील वाटाघाटींनंतर खाली आले. दोन्ही बाजूंना वाटाघाटींच्या टेबलाशी आणले ते पर्याय नसलेल्या वस्तूंनी. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे ट्रम्प व शी जिनपिंग यांची भेट झाली. चीनने त्याच महिन्यात जाहीर केलेले खनिजांचे नवे निर्बंध वर्षभरासाठी स्थगित केले आणि अमेरिकेने शुल्कात काही कपात केली. ईयूव्ही यंत्रांवरील बंदीला या समझोत्याने हात लावला नाही.