हिंदूरावांचा बंगला आणि ‘बाहेरचा माणूस’

रिजवरचे हिंदूराव हॉस्पिटल माहीत नाही असा उत्तर दिल्लीतला माणूस सापडणे कठीण. रिक्षावाल्याला ‘हिंदूराव’ एवढे म्हटले की पुरते. पण हे नाव कुणाचे, असे विचारले तर दिल्लीकर सोडाच, आपली मराठी मंडळीसुद्धा विचारात पडतात.

हे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे. याच कागलकर घाटग्यांतून पुढे 1884 मध्ये यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व राजर्षी शाहू महाराज झाले. हिंदूरावांचे वडील सर्जेराव घाटगे. पुण्यात त्यांनी केलेल्या जुलमी वसुलीमुळे ते नाव इतिहासात बदनामच आहे. बहीण बायजाबाई 1798 मध्ये दौलतराव शिंद्यांना दिली आणि घाटग्यांचा ग्वाल्हेरशी संबंध जुळला.

त्या काळी मराठी माणूस दिल्लीत आला तो फौजेबरोबर. महादजी शिंद्यांनी 1772 मध्ये शाह आलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत बसवले, 1784 मध्ये ते स्वतः वकील-इ-मुतलक झाले. पुढची जवळजवळ वीस वर्षे दिल्लीचा कारभार शिंद्यांच्या हातात होता. 11 सप्टेंबर 1803 रोजी पटपडगंजजवळ जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि ते सारे संपले. आज त्याच पटपडगंजच्या सोसायट्यांमध्ये आपली कितीतरी कुटुंबे राहतात!

हिंदूराव आले ते त्यानंतर, सत्ता गेल्यावर. दौलतराव 1827 मध्ये वारले, 1833 मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले, आणि त्या राजकारणातून बाहेर फेकले गेलेले त्यांचे बंधू दिल्लीत येऊन स्थायिक झाले. विल्यम फ्रेझर हा दिल्लीतील कंपनी सरकारचा बडा अधिकारी. त्याचा 1835 मध्ये खून झाला आणि रिजवरचा त्याचा बंगला पुढे हिंदूरावांनी घेतला. शिंद्यांना हरवणाऱ्या कंपनीच्या साहेबाच्या घरात शिंद्यांचा मेव्हणा राहू लागला, इंग्रजांची त्यांच्याकडे ऊठबस सुरू झाली. 1857 च्या आधीच ते वारले. त्या वर्षी इंग्रजांनी रिजवर ठाण मांडले तेव्हा हाच बंगला त्यांचे मोठे ठाणे होता व गुरखा पलटणीने तो अखेरपर्यंत राखला. तोफांच्या गोळ्यांनी त्याची चाळण झाली, पण नाव टिकले. 1911 मध्ये त्या जागेवर हॉस्पिटल सुरू झाले. आज ते महानगरपालिकेचे आहे.

जवळच सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. तोही मूळचा इथला नव्हे. फिरोजशहा तुघलकाने तो चौदाव्या शतकात मेरठहून आणवला. पुढे तो फुटला आणि 1867 मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला.

हा इतिहास सांगायचे कारण असे की ‘बाहेरचे’ हा शब्द हल्ली आपल्या गप्पांत फार येतो. दिल्लीची लोकसंख्या 1941 मध्ये सव्वानऊ लाखांच्या आत होती, 1951 मध्ये ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. फाळणीत उजाडलेली माणसे हे त्याचे मोठे कारण. रिजच्या पलीकडे किंग्ज्वे कॅम्प ही त्यांचीच छावणी. पुढे त्याच कुटुंबांनी दिल्लीचा व्यापार उभा केला.

आपल्यातले बरेच जण सरकारी नोकरीने आले. त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. बदलीचा हुकूम आणि क्वार्टर हातात असलेल्या माणसाला कुणी परका म्हणत नाही. खरे स्थलांतर गलाईवाल्यांचे. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर, आटपाडी हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम शिकली आणि देशभर पसरली. भट्टी आणि तेजाब यांच्यासमोर दिवस काढायचा, सराफांच्या मोडीतून शुद्ध सोने वेगळे करायचे. एकाचे बस्तान बसले की भाऊ, मग भाचा, मग गावातले पोर. करोल बागेत, चांदणी चौकाच्या कुचा महाजनीत त्यांना कुणी आरक्षण दिले नव्हते. सराफाने विश्वासाने सोने हातात दिले, हाच त्यांचा रहिवासी दाखला. इकडून गेलेल्या पैशावर गावाकडे पक्की घरे उभी राहिली. मात्र त्यांतल्या कित्येक घरांत म्हातारी माणसेच उरली. आता टेंभू योजनेचे पाणी त्या भागात पोहोचले आहे. ते चाळीस वर्षे आधी पोहोचले असते, तर यांतले निम्मे लोक दिल्लीला आलेच नसते असे मला वाटते. माणसे येतात कशाला, याचे उत्तर पुष्कळदा ती जिथून येतात तिथल्या कालव्यात सापडते.

आता मुंबईकडे पाहू. 1921 च्या जनगणनेत मुंबई शहरातल्या पाचांपैकी चारांहून अधिक माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती, त्यांत आपले कोकणातले गिरणी कामगार कितीतरी. 1966 मध्ये शिवसेना निघाली तेव्हा रोष दाक्षिणात्य कारकुनांवर होता, 2008 मध्ये तो उत्तर भारतीयांवर आला. त्या ऑक्टोबरात मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या मुलांना मारहाण झाली. इथे ऑफिसात दुसऱ्या दिवशी ‘आपके यहाँ ये क्या चल रहा है?’ हा प्रश्न आपल्याला ऐकावा लागला. भरतीच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत येत नाहीत, ही मूळ तक्रार माझ्या मते रास्त होती. तिला उपायही होता. पुढे रेल्वेने प्रादेशिक भाषांत प्रश्नपत्रिका आणि सगळ्या भरती मंडळांची परीक्षा एकाच दिवशी, असे धोरण घेतले. तक्रारीतले जे खरे होते ते कागदावरच्या निर्णयाने सुटू लागले. मारहाणीने काय मिळवले ते मला अजून समजलेले नाही.

कायदा काय म्हणतो? घटनेच्या 19 व्या कलमाने नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. सरकारी नोकरीत रहिवासाची अट घालायची तर 16 व्या कलमाप्रमाणे तो अधिकार संसदेचा, राज्याचा नव्हे. तरीही राज्ये प्रयत्न करतातच. हरियाणाने खासगी क्षेत्रातील महिना तीस हजारांपर्यंतच्या 75 टक्के नोकऱ्या स्थानिकांना राखून ठेवणारा कायदा केला. 15 जानेवारी 2022 पासून तो लागू झाला. गुडगाव-फरिदाबादेत डिप्लोमा करून नुकत्याच लागलेल्या आपल्या मुलांची तेव्हा झोप उडाली होती. 17 नोव्हेंबर 2023 रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

दिल्लीतही हे झाले, आणि तेही हॉस्पिटलच्या दारात. मार्च 2020 च्या टाळेबंदीत आनंद विहारला मजुरांची जी गर्दी लोटली ती आपण पाहिली. 1979 पासून आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा होता. ठेकेदाराने नोंदणी करावी, जाण्यायेण्याचा भत्ता द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. साइटवर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या रजिस्टरांची दशा ठाऊक आहे. शेवटी 1 मे पासून रेल्वेने श्रमिक गाड्या सोडल्या. लगेच जूनमध्ये दिल्ली सरकारने जाहीर केले की त्यांच्या अखत्यारीतील आणि खासगी हॉस्पिटलांत फक्त दिल्लीकरांवर उपचार होतील. दुसऱ्याच दिवशी, 8 जूनला, उपराज्यपालांनी तो निर्णय फिरवला. पण त्या एका दिवसात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता : आधार कार्डावर गावचा पत्ता आहे, चालेल का?

आपल्यापैकी काहींना महाराष्ट्रातली 80 टक्क्यांची अट मात्र योग्य वाटते. तो कायदा नाही, शासन निर्णय आहे. अनुदान-सवलती घेणाऱ्या उद्योगांनी स्थानिकांना प्राधान्य द्यावे, असा त्याचा रोख. नव्याने येणाऱ्याने तिथली भाषा शिकावी ही अपेक्षा मला पूर्ण मान्य आहे. आपण हिंदी शिकलोच. पण त्या शासन निर्णयातली ‘स्थानिक’ची व्याख्या जरा वाचा : महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य. नूतन मराठी शाळेत शिकलेली, घरी मराठी बोलणारी, आपल्या आरतीत झांज वाजवणारी आपली मुले उद्या चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात अर्ज घेऊन गेली तर त्या व्याख्येप्रमाणे ती परप्रांतीय ठरतात. बिहारहून येऊन सोळा वर्षे पिंपरीत राहिलेला माणूस स्थानिक.

हा विषय उत्सवानंतरच्या सर्वसाधारण सभेत घ्यावा, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. ज्यांची मुले यंदा डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांनी सभेला जरूर यावे.