घोड्याच्या पाठीवरचं बिऱ्हाड



दिवाळीचे डबे रिकामे होऊ लागले की आपल्या शिवारात धनगरांचा वाडा उतरतो. वाडा म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचा फिरता मुक्काम. मेंढरं चारत पुरुष मागून येतात. घोडी घेऊन बाया आधी पोचतात. घोड्यावर भांडी, घोंगड्या, पीठ, पालाचं कापड, मेंढरं कोंडायची वाघर, वर बांधलेली कोंबडी, कधी दोन दिवसांचं कोकरू, तर कधी लेकरूसुद्धा! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो. इथं ते घोड्याच्या पाठीवर असतं.

आज आम्ही या घोड्याचा इतिहास सांगणार आहोत, आणि त्याच्यासोबत चालणाऱ्या बाईचाही.

महाराष्ट्राचं राज्यगीत आपण सगळ्याजणी म्हणतो. राजा बढे यांच्या त्या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. भीमथडी म्हणजे भीमा नदीचा काठ. तिथली घोडी उंचीला कमी, पण खुराला घट्ट. थोड्या चाऱ्यावर भागवणारी, दगडधोंड्यांच्या वाटेवर न अडखळणारी. मराठ्यांच्या फौजा दूर दूर गेल्या त्या अशा घोड्यांच्या जिवावर. ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. नीराकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर धनगराच्याच घरचे. मेंढरांमागून ते घोड्यावर आले आणि मोठे सरदार झाले. अहिल्याबाई त्यांची सून.

शिवाजी महाराजांच्या फौजेचा वर्षाचा क्रम कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत दिला आहे. पावसाळ्याचे चार महिने फौज आपल्या मुलखात छावणीला राही. दसऱ्याला बाहेर पडे आणि आठ महिने फिरतीवर असे. आता वाड्याचा क्रम बघा. माण, खटाव, फलटण, बारामती या कमी पावसाच्या भागातली मेंढपाळ कुटुंबं दिवाळीनंतर निघतात. वरंधा, माळशेज असे घाट उतरून कोकणात जातात आणि पाऊस लागायच्या आत घाट चढून परत येतात. चार महिने घरी, आठ महिने वाटेवर. दोन्हीकडे हिशेब एकच : चारा, पाणी आणि पाऊस.

मुक्कामात घोडा कसा सांभाळायचा, यावर महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. ते १६७३-७४ च्या सुमाराचं, चिपळूण भागात छावणीला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. त्याचा मतलब असा. साठवलेला दाणा आणि गवत आताच उधळलंत तर भर पावसात काही उरणार नाही. घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही गवत, लाकूड, भाजी यांसाठी गावच्या कुणब्यांना त्रास द्याल. तसं करू नका. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल.

मैत्रिणींनो, हे पत्र राजाचं खरं, पण त्यात घर चालवणाऱ्या बाईचंच शहाणपण आहे. डब्यातलं पीठ कधीपर्यंत पुरेल, चूल विझली का, शेजाऱ्याला त्रास तर होत नाही ना, हे आपण रोजच बघतो.

मात्र एक मोठा फरक आहे. मोहिमेवर बाई न्यायची नाही, असा फौजेचा नियम होता, हेही सभासदाची बखर सांगते. वाडा मात्र बाईवाचून एक दिवस चालत नाही.

आमच्या गटातल्या काहीजणी गेल्या हंगामात वाड्यावर जाऊन बसल्या. पहाट फुटायच्या आत आजींनी पाल उतरवलं. आधी घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला, कुठं सोललं तर नाही ना ते बघायला. मग खोगीर ठेवलं आणि तंग आवळला. दोन्ही बाजूंचं ओझं हातानं तोलून सारखं केलं.

"घाट उतरताना ओझं मानेवर येतं बाई," आजी म्हणाल्या, "म्हणून दुमची नीट लागते." दुमची म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा. तो ओझं पुढं सरकू देत नाही. उतारावर घोड्याला घाई करायची नाही, त्याला त्याचं पाऊल बघू द्यायचं. पुढच्या मुक्कामी पोचल्यावर आधी ओझं उतरवायचं, घोड्याला पाणी दाखवायचं, पायबंद घालून चरायला सोडायचं. त्यानंतर चूल, भाकरी, पाणी आणि वाघर उभी करणं. रात्री मेंढरं शेतात बसतात, शेताला खत मिळतं आणि वाड्याला धान्य. आपल्या शेताच्या पिकात या बायांच्या कष्टाचा वाटा आहे, तो असा.

पायबंद, लगाम, तोबरा, खोगीरभरती हे शब्द आपण रोज वापरतो. ते घोड्याच्या संगतीतूनच आपल्या भाषेत आले. शब्द राहिले, घोडा मात्र कमी होत चाललाय. काही वाड्यांचं सामान आता टेम्पोतून जातं. त्यात वाईट काही नाही, बाईच्या डोक्यावरचा भार हलका होतो. पण जुन्या वाटांवर कुठं कुंपण पडलं, कुठं रुंद रस्ता आला. वाहनांच्या गर्दीत घोडी आणि लेकरं घेऊन घाट उतरणं जिवावरचं झालंय. मुलींची शाळाही या आठ महिन्यांत तुटते. आजींची नात आमची वही उघडून बघत होती. तिला आपलं नाव लिहिता येत होतं, पुढचं येत नव्हतं.

भीमथडी घोड्याची आता स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली आहे, याचा आम्हाला आनंद आहे. पण ही जात इतकी वर्षं सांभाळली कुणी? तलवारी म्यान झाल्यावर हा घोडा डोंगरवाटेवर टिकला तो वाड्यांमुळे. त्याची पाठ रोज तपासणाऱ्या हातांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

ती आपण करू या. यंदा वाडा उतरला की गटातल्या दोघींनी वही घेऊन जावं. कोणत्या घाटानं आल्या, घोडीचं नाव काय, खोगीर कुणी शिवलं, कुणाकडून शिकल्या, हे त्यांना विचारून आणि त्यांची परवानगी घेऊन लिहावं. जमलं तर त्यांच्या मुलींना मुक्काम असेपर्यंत आपल्या शाळेत बसवावं. आणि जाताना भाकरीसोबत घोड्यासाठी पेंढी न्यायला विसरू नये.

रामराम.