मिठाच्या पाण्यापासून सदऱ्यापर्यंत

चाकणला संग्रामदुर्गाचे अवशेष आहेत, कांद्याचा बाजार आहे आणि आसपास मोटारींचे कारखाने आहेत. अशा कारखान्याच्या दवाखान्यात कामगाराचा ईसीजी काढतात, तेव्हा त्याला आडवे झोपवून ‘हलू नका’ असे बजावतात. कागदावर उमटतात ते जेमतेम दहा सेकंद. पाळी मात्र आठ तासांची, आणि तीत तो क्वचितच स्थिर असतो. झोपवलेल्या देहाचे हृदय आणि राबत्या देहाचे हृदय यांतले अंतर कमी करण्याची धडपड इलेक्ट्रोडच्या इतिहासात सतत दिसते.

हृदयाची वीज त्वचेवर पोहोचते तेव्हा साधारण एक मिलिव्होल्ट उरते. त्यात त्वचेवरचा मृत पेशींचा कोरडा थर तिला अडवतो. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये मानवी हृदयाचा विद्युत-आलेख प्रसिद्ध केला. पुढे लायडनच्या विलेम आइंटहोवन यांनी तारेचा गॅल्व्हानोमीटर बनवला. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसे. रुग्ण दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. १९२४ चे नोबेल पारितोषिक आइंटहोवन यांना मिळाले.

भांड्यांच्या जागी पुढे धातूच्या पट्ट्या आल्या, पाण्याच्या जागी खारट जेली, आणि नंतर चांदी व सिल्व्हर क्लोराइडची चिकटपट्टी. अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस माणसाला चालतेफिरते ठेवून आलेख मिळवला. पाठीवरचे ओझे होते सुमारे ३८ किलो. चोवीस तासांच्या तपासणीला आजही त्यांचेच नाव आहे.

पण जेली वाळते आणि चिकटपट्टीखाली कातडी खाजते, म्हणून संशोधक कापडाकडे वळले. पैठणी पाहिलेल्याला यातली युक्ती परकी वाटणार नाही. रेशमाच्या गाभ्याभोवती धातूची बारीक पट्टी गुंडाळली की जर होते. धागा मऊ राहतो आणि वीजही वाहून नेतो. अमेरिकेतील एमआयटीत रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी १९९७ मध्ये कापडावर विद्युत-मंडले साकारली, ती अशाच ऑर्गंझावर: ताणा रेशमाचा, बाणा तांबे गुंडाळलेल्या रेशमाचा. कापडी इलेक्ट्रोडसाठी आज चांदीचा मुलामा दिलेले नायलॉन बरेच वापरतात. कोरड्या अंगावर त्याची नोंद अस्पष्ट येते. घाम आला की सुधारते. आइंटहोवन यांचे मिठाचे पाणी आता शरीरच पुरवते. मात्र धुण्यागणिक चांदी झिजते.

उरतो प्रश्न हालचालीचा. हात उचलला की इलेक्ट्रोड त्वचेवर सरकतो आणि आलेखात खोट्या लाटा उठतात. मुंबईच्या आयआयटीत तन्मय पवार, सुभाशिष चौधुरी आणि सिद्धार्थ दत्तगुप्त यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या लाटांकडेच लक्ष दिले. अंगावर बाळगायच्या ईसीजी यंत्राच्या नोंदीवरून माणूस चालत होता, जिना चढत होता, हात वरखाली करत होता की कंबर वळवत होता, हे ओळखता येते असे त्यांनी दाखवले. डॉक्टरला याचा मोठा उपयोग आहे. ठोके वाढले ते जिन्यामुळे की आजारामुळे, हे त्यावरून ताडता येते.

हाच सदरा उद्या चाकणमध्ये असेंब्ली लाइनवरच्या कामगाराच्या अंगावर आला, तर हृदयाबरोबर हाताचीही हजेरी लागेल. उन्हाळ्यात भट्टीजवळ राबणाऱ्याचा जीव त्या सदऱ्यामुळे वाचूही शकेल. तो नाकारणे शहाणपणाचे नाही. पण हात किती वेळा उचलला आणि कधी थबकला, हेही त्यातून काढता येईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी, तसेच मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. म्हणून आलेख दवाखान्यातच राहील की पर्यवेक्षकाच्या पडद्यावर जाईल, हे सदरा शिवण्याआधी ठरले पाहिजे, आणि ठरवताना कामगारही समोर बसलेला हवा. आइंटहोवन यांच्या रुग्णाने भांड्यातून हात बाहेर काढला की नोंद थांबत असे. तेवढी सोय सदरा घालणाऱ्यालाही असावी.