ओव्हलची कुळकथा

लंडनच्या दक्षिण भागात केनिंग्टन नावाची वस्ती आहे. तेथे १७९० साली एक अंडाकृती रस्ता आखण्यात आला. रस्त्याच्या पोटात त्या वेळी भाजीपाल्याचा मळा होता. पुढे अर्धशतकाने त्या मळ्याचे क्रीडांगण झाले, आणि ‘ओव्हल’ हे रस्त्याच्या आकारावरून पडलेले नाव मैदानाला कायमचे चिकटले. क्रिकेटच्या जगात सर्वतोमुखी झालेल्या या नावाचा उगम खेळात नसून रस्त्याच्या आखणीत आहे, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

मळ्याचे मैदान होण्याचे कारण मात्र मौजेचे नव्हते. एकोणिसाव्या शतकात लंडन झपाट्याने वाढत होते आणि मोकळ्या जागा एकामागून एक घरांखाली जात होत्या. वॉलवर्थ येथील माँटपेलियर क्रिकेट क्लबाचे मैदान असेच बांधकामापायी हातचे गेले. निराश्रित झालेल्या या खेळाडूंनी केनिंग्टनचा मळा हेरला. जमीन मुळात युवराजांच्या कॉर्नवॉल जहागिरीची. १८४५ च्या मार्च महिन्यात ३१ वर्षांचा भाडेपट्टा झाला व वार्षिक भाडे १२० पौंड ठरले. भाजीच्या वाफ्यांवर चेंडू कसा खेळणार? म्हणून टूटिंग येथील कुरणातून मुळांसकट कापलेल्या हिरवळीचे १०,००० तुकडे आणून अंथरण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जवळच्या ‘हॉर्न्स’ या खाणावळीत सभा भरली आणि सरे काउंटी क्रिकेट क्लबाचा जन्म झाला.

मैदान मिळविणे एक आणि ते राखणे दुसरे. भाडे, हिरवळ, कुंपण, नोकरचाकर या सर्वांना पैसा लागतो. १८७२ साली क्लबाचे चिटणीस झालेले चार्ल्स आल्कॉक यांना हे पुरते उमगले होते. फुटबॉलच्या राष्ट्रीय मंडळाचेही ते चिटणीस होते. त्यामुळे फुटबॉलच्या राष्ट्रीय चषकाचा पहिला अंतिम सामना १८७२ च्या मार्चमध्ये याच मैदानावर खेळला गेला. इंग्लंडच्या भूमीवरील पहिला क्रिकेट कसोटी सामनाही १८८० च्या सप्टेंबरमध्ये येथेच झाला. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाने अवघ्या ७ धावांनी इंग्लंडला येथे हरविले. त्यावर एका वृत्तपत्राने इंग्लिश क्रिकेटचा उपहासपर मृत्युलेख छापला आणि ‘ॲशेस’ची आख्यायिका जन्माला आली. मळ्याच्या जागी उसन्या हिरवळीवर उभे राहिलेले मैदान चाळीस वर्षांच्या आत राष्ट्राच्या मानापमानाची भूमी बनले.

त्याच्या वैभवाची शिखरेही थोडी नाहीत. १९३८ साली लेन हटनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तेरा तासांहून अधिक वेळ खेळून ३६४ धावा काढल्या व इंग्लंडने ७ बाद ९०३ वर डाव सोडला. परंतु पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. मैदान सरकारने ताब्यात घेतले; हिरवळीवर शोधदिवे आले आणि मागाहून युद्धकैद्यांसाठी खांब व काटेरी तारा उभ्या राहिल्या. कैदी तेथे कधी आलेच नाहीत, पण मैदानाची दुर्दशा व्हायची ती झाली. युद्ध संपताच मैदानाची निगा बर्ट लॉक यांच्याकडे आली. खांब उपटून, जमीन सारखी करून, नवी हिरवळ लावून त्यांनी १९४६ च्या हंगामासाठी ते सज्ज केले.

त्याच हंगामाच्या मे महिन्यात भारतीय संघ सरेशी खेळावयास उतरला. ९ बाद २०५ अशी अवस्था असता सागर येथे जन्मलेले चंदू सरवटे यांना शेवटचे फलंदाज शुटे बॅनर्जी येऊन मिळाले. डाव आता मिनिटांचा सोबती, असे कोणालाही वाटले असते. त्या जोडीने २४९ धावांची भर घातली! सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके ठोकल्याचे प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील हे एकमेव उदाहरण आहे.

पंचवीस वर्षांनी, १९७१ च्या ऑगस्टमध्ये, अजित वाडेकर यांचा संघ येथे आला. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ वर आटोपला आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय व पहिली मालिका मिळविली. पहिल्या डावात ९० धावा काढणारा ॲलन नॉट दुसऱ्या डावात एका धावेवर परतला. बॅटीच्या अगदी जवळ झेप घेऊन त्याचा झेल टिपला तो एकनाथ सोलकर यांनी. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचे हे चिरंजीव! मैदानावरच्या झोपडीत वाढलेल्या या मुलाने हिरवळीचे मोल आणखी कोणाकडून शिकावयाचे होते?

ओव्हलची जमीन आजही कॉर्नवॉल जहागिरीचीच आहे. क्लब तिचा भाडेकरूच. विक्रमवीरांची नावे दर्शनी भिंतींवर कोरली जातात. त्यांच्या पायांखाली मात्र, कोणी टूटिंगहून आणलेली, कोणी युद्धानंतर पुन्हा लावलेली, हिरवळ असते. वाढत्या शहरात मोकळी जागा आपोआप उरत नाही. पिढ्यान् पिढ्या कोणीतरी ती राखावी लागते.