पत्नीचा परवाना

परवां एका परिचितांच्या घरीं गेलों असतां दिवाणखान्यांतील मेजावर कागदांचा मोठा ढीग पसरलेला दिसला. घरच्या नवविवाहित मुलीला नवऱ्याकडे परदेशीं जावयाचें होतें, आणि तिच्या व्हिसासाठीं जमविलेली ती सामग्री होती. विवाहनोंदणीचा दाखला, जन्माचा दाखला, जांवयाच्या पगाराचे कागद, बँकेचे उतारे आणि वर लग्नसमारंभाचे फोटो. मुलीची आजी चष्मा लावून तो पसारा न्याहाळीत होती. ती म्हणाली, "अग्नीच्या साक्षीनें झालेल्या लग्नाला आणखी इतके साक्षीदार कशाला लागतात?" सगळे हंसले. परंतु आजीबाईंचा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा खचित नव्हता. नवरा-बायकोनें एका छपराखालीं राहावें कीं नाहीं, हें परक्या सरकारनें ठरविण्याची रीत जगांत कशी पडली आणि तिच्याशीं कोण झगडलें, याची थोडीशी हकीकत आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभीं आपल्याकडीलच एक उदाहरण घेऊं. आनंदीबाई जोशी ता. ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या आणि जूनच्या आरंभीं न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या. वय अवघें अठरा. पति गोपाळराव पोस्टखात्यांतील नोकरीमुळें मागें राहिलेले. जातांना आनंदीबाईंना अडचणी पुष्कळ आल्या, पण त्या सर्व घरच्या होत्या. समुद्र ओलांडावा कीं नाहीं, स्त्रीनें एकटीनें जावें कीं नाहीं, जात राहील कीं जाईल, या प्रश्नांचीं उत्तरें त्यांना श्रीरामपूरच्या कॉलेजांत उभें राहून आपल्याच लोकांस द्यावीं लागलीं. थंडीसाठीं त्यांनीं नऊवारी लुगडें सोडून गुजराती धर्तीवर साडी नेसण्याचा व्यवहारी मार्ग काढला. अमेरिकेच्या सरकारकडे मात्र परवाना मागण्याचा प्रसंग त्यांना आला नाहीं, कारण असा परवाना तेव्हां नव्हताच.

तथापि ही मोकळीक सर्वांना नव्हती. आदल्याच वर्षीं, म्हणजे १८८२ मध्यें, अमेरिकेनें चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. त्यांतून लवकरच एक चमत्कारिक वाद निघाला. पूर्वींपासून तेथें राहिलेला एक चिनी मजूर स्वदेशीं जाऊन लग्न करून परतला. त्याच्याजवळ परत येण्याचा दाखला होता, बायकोजवळ नव्हता. १८८४ सालीं कॅलिफोर्नियांतील कोर्टानें निकाल दिला कीं, बायकोचा दर्जा नवऱ्याच्या दर्जाप्रमाणें ठरतो; नवरा मजूर, म्हणून बायकोहि मजूर; आणि मजुरास तर बंदी आहे! ज्या लग्नामुळें ती मजूर ठरली, त्याच लग्नाचा तिला नवऱ्याजवळ राहण्यासाठीं उपयोग झाला नाहीं. पुढील सर्व इतिहासाचें बीज या एका निकालांत आहे. सरकारला परदेशी माणसाचे हात हवे असतात. त्याचा संसार नको असतो. हात काम संपलें कीं परत पाठवितां येतात. संसार एकदां मांडला, कीं तो मूळ धरतो.

आतां दक्षिण आफ्रिकेकडे वळूं, कारण या प्रश्नाचा खरा निकाल तेथें लागला. १८६० पासून नाताळ वसाहतींतल्या उंसाच्या मळ्यांवर गिरमिटिये मजूर हिंदुस्थानांतून जाऊं लागले. दर शंभर पुरुषांमागें सुमारें चाळीस स्त्रिया असाव्यात असा दंडक होता. म्हणजे स्त्रिया मोजल्या जात, पण त्या आंकड्यांत. कोणाचें घर म्हणून नव्हे. मागोमाग व्यापारी आणि कारकून स्वतःच्या खर्चानें जाऊं लागले. त्यांतील गरीब बहुधा डेकचे उतारू. डेकचें तिकीट म्हणजे आगबोटीच्या तक्त्यावर वळकटी पसरण्यापुरती जागा. शिधा ज्याचा त्यानें बांधून न्यावयाचा, ऊन-पाऊस अंगावर घ्यावयाचा, आणि वादळ झालें तर ट्रंकेस घट्ट धरून बसावयाचें. एकाच्या भाड्याची जुळवाजुळव होतांना जेथें नाकीं नऊ येत, तेथें बायकामुलांचें भाडें कोठून येणार? म्हणून पुरुष आधीं एकटा जाई, पैसे सांठवी, परत येऊन बायकोस नेई, आणि पुढें सवडीनें मुलें नेलीं जात. घरें अशीं हप्त्याहप्त्यानें परदेशीं जात. नेमक्या या मधल्या काळांत कायदा बदलला, तर अर्धें घर इकडे आणि अर्धें तिकडे राही.

१८९६ च्या अखेरीस गांधीजी कस्तुरबा व मुलें यांना घेऊन मुंबईहून नाताळला निघाले. या प्रवासाची एक घरगुती बाजू त्यांनीं आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितली आहे. परदेशांत आपली छाप पडावी म्हणून त्यांनीं कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी आणि मुलांना पारशी कोट-पाटलोण घालावयास लाविलें. बूट आणि मोजे तर सर्वांनाच सक्तीचे. बुटांनीं पाय दुखावत, मोज्यांना घामाचा वास येई, आणि जेवतांना कांटे-चमचे हातांत धरावे लागत. पुढें हा सगळा सोस त्यांनींच सोडून दिला. परंतु परदेशीं जाणाऱ्या कुटुंबांत नव्या रीतींचा पहिला भार बायकोच्याच अंगावर कसा पडतो, हें त्यावरून दिसतें. डर्बनला मुंबईच्या प्लेगचें निमित्त करून बोट बंदराबाहेर अडकविण्यांत आली. ता. १३ जानेवारी १८९७ ला उतारू उतरले, तेव्हां गांधीजींवर गोऱ्यांच्या जमावानें हल्ला केला. त्याच वर्षीं नाताळनें कायदा करून नव्या येणाऱ्यास एक युरोपीय भाषा लिहितां आली पाहिजे अशी अट घातली. प्रवेशास पात्र ठरलेल्या मनुष्याच्या पत्नीस आणि अज्ञान मुलांस मात्र या अटींतून सूट होती. सूट मिळाली, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नहि जन्मास आला: पत्नी कोणास म्हणावें?

याचें उत्तर ता. १४ मार्च १९१३ रोजीं केपच्या वरिष्ठ न्यायालयांत न्यायमूर्ति सर्ल यांनीं दिलें. नवऱ्याकडे आलेल्या एका मुसलमान स्त्रीला प्रवेश नाकारण्यांत आला होता. न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, ज्या धर्मांत एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या विधीनें झालेलें लग्न या देशाचा कायदा मानीत नाहीं. मग प्रत्यक्षांत नवऱ्याची बायको एकच कां असेना! या एका निकालानें दक्षिण आफ्रिकेंतील बहुतेक हिंदु, मुसलमान आणि पारशी स्त्रियांचें पत्नीपण कायद्याच्या दृष्टीनें पुसलें गेलें. बायकोचा प्रवेशाचा हक्क गेला, मुलांचा वारसाहक्क धोक्यांत आला, आणि त्याहून मोठा डाग लागला तो अब्रूस.

याच सुमारास दुसरें एक दुखणें होतें. गिरमिटाची मुदत संपल्यावरहि नाताळांत राहणाऱ्यास वर्षाला तीन पौंड कर द्यावा लागे, आणि तो पुढें सोळा वर्षांवरील मुलांना व तेरा वर्षांवरील मुलींनाहि लागू झाला. चौघांच्या घरास वर्षाचे बारा पौंड! मजुराची महिन्याची मिळकत पाहतां हें ओझें कंबर मोडणारें होतें. १९१२ सालीं आपल्या पुण्याचे नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेंत गेले असतां हा कर रद्द होईल असें आश्वासन मिळाल्याचें त्यांनीं सांगितलें. पुढें सरकारनें तें नाकारलें.

तोंपर्यंत सत्याग्रहांत स्त्रियांस तुरुंगांत पाठवूं नये असें गांधीजींचें धोरण होतें. सर्ल यांच्या निकालानें तें बदललें. फिनिक्स येथील इतर स्त्रियांशीं चाललेलें बोलणें कस्तुरबांच्या कानीं पडलें, तेव्हां त्यांनीं विचारलें कीं, मजमध्यें असा कोणता दोष आहे, म्हणून मला तुरुंगास लायक समजत नाहीं? सप्टेंबर १९१३ मध्यें सोळा जणांची पहिली तुकडी परवान्यावांचून ट्रान्सवालची सीमा ओलांडण्यास निघाली. तींत चार स्त्रिया होत्या, आणि कस्तुरबा त्यांतील एक. तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. कस्तुरबा बाहेर आल्या त्या अगदीं क्षीण होऊन. उलट दिशेनें ट्रान्सवालमधील, बहुतेक तामीळ असलेल्या, अकरा स्त्रिया नाताळांत शिरल्या आणि न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर गेल्या. त्यांच्या सांगण्यावरून मजुरांनीं काम थांबविलें. नोव्हेंबरांत २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुलें ट्रान्सवालकडे पायीं निघालीं. प्रत्येकास दिवसाचा शिधा दीड रत्तल पाव आणि एक औंस साखर. इतक्या थोड्या खर्चांत एवढा मोठा प्रवास क्वचितच घडला असेल! वल्लिअम्मा नांवाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगांतून ताप घेऊन बाहेर आली आणि ता. २२ फेब्रुवारी १९१४ रोजीं निवर्तली.

इकडे गोखल्यांनीं प्रकृति ढांसळली असतांहि देशभर निधि जमविला, आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनीं उघडपणें सत्याग्रहींची बाजू घेतली. १९१४ सालीं जनरल स्मट्स यांच्याशीं तडजोड झाली. नव्या कायद्यानें तीन पौंडांचा कर गेला आणि आपल्या धर्माच्या विधीनें झालेलें लग्न एका पत्नीपुरतें ग्राह्य झालें. हा विजय अपुरा होता, यांत शंका नाहीं. परंतु पत्नीचा प्रवेश ही मेहेरबानी न राहतां कायद्यानें मान्य केलेला हक्क झाला, हें विशेष.

मेहेरबानी आणि हक्क यांतील अंतर किती, हें त्याच काळच्या कॅनडांत पाहावें. १९०८ सालीं कॅनडानें हुकूम काढला कीं, जन्मभूमींतून सरळ, मध्यें न थांबतां आलेल्यासच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानांतून कॅनडास थेट जाणारी बोट नव्हती, हीच त्यांतली मेख. शिवाय हिंदी माणसाजवळ २०० डॉलर रोख असले पाहिजेत. व्हँकुव्हरच्या लांकडाच्या गिरण्यांतून काम करणारे शीख पुरुष तेथें राहूं शकत. बायका आणावयाच्या, तर हा हुकूम आड येई. १९१२ च्या आरंभीं भागसिंग आणि बलवंतसिंग हे दोघे बायकामुलांसह परतले. पुरुष जुने रहिवासी म्हणून आंत घेतले, आणि कुटुंबांना परत पाठविण्याचा हुकूम झाला. बरीच ओरड झाल्यावर त्यांना राहूं दिलें, तें मेहेरबानी म्हणून आणि पायंडा पडणार नाहीं असें बजावून. १९१४ सालीं ३७६ उतारूंची कोमागाटा मारू बोट दोन महिने धक्क्यापासून दूर ठेवून बहुतेकांसह परत लाविली, ती याच कायद्याच्या बळावर. १९१९ मध्यें बायकामुलांना आणण्याची परवानगी मिळाली. तोंपर्यंत कित्येकांची उमर निघून गेली होती.

महायुद्धानंतर पासपोर्ट सार्वत्रिक झाला. त्या काळच्या ब्रिटिश पासपोर्टांत पत्नीचें नांव नवऱ्याच्याच पुस्तकांत लिहिण्याची सोय असे. तेवढ्यावर तिला एकटीला प्रवास करतां येत नसे. साम्राज्य गेलें, तरी संशय गेला नाहीं. १९६९ पासून ब्रिटनला जाणाऱ्या पत्नीस आपल्या देशांतच आधीं दाखला मिळवावा लागे. लग्न ठरलेल्या वधूस तो लागत नसे. वधू म्हणून येणारी आधींच विवाहित तर नाहीं, असा संशय घेऊन जानेवारी १९७९ मध्यें लंडनच्या विमानतळावर एका हिंदी शिक्षिकेच्या कौमार्याची तपासणी करण्यांत आली. वर्तमानपत्रांत ही गोष्ट येतांच गहजब झाला आणि ती पद्धति बंद करावी लागली. पुढें ब्रिटनमध्यें स्थायिक झालेल्या तिघा स्त्रियांनीं आपल्या नवऱ्यांना येऊं देत नाहींत म्हणून दाद मागितली. १९८५ सालीं युरोपच्या मानवी हक्कांच्या न्यायालयानें हा स्त्रीपुरुषांतील पक्षपात आहे असें ठरविलें. यावर ब्रिटिश सरकारनें समता आणली खरी, पण ती नवऱ्यांची वाट सोपी करून नव्हे, तर बायकांची वाट तितकीच बिकट करून!

अमेरिकेंत नोकरीस गेलेल्या तंत्रज्ञांच्या पत्नींना राहण्याची परवानगी मिळे, कामाची मिळत नसे. शिकलेल्या, कमावत्या मुली तेथें वर्षानुवर्षें घरीं बसल्या. २०१५ पासून त्यांपैकीं कांहींना काम करण्याची मुभा मिळाली. परंतु ज्यांच्या पतींचा कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यावर पोंचला होता, त्यांनाच. नवऱ्याच्या दर्जावरून बायकोचा दर्जा ठरविण्याचें १८८४ चें तर्कशास्त्र इतकें दीर्घायुषी निघालें.

आतां पुन्हां त्या मेजावरील कागदांकडे येऊं. आजीबाईंना मीं एवढेंच सांगितलें कीं, अग्नीची साक्ष दोन घरांना पुरते. परक्या सरकारनें ती ऐकावी म्हणून तिचा कागद करावा लागतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २००६ सालीं विवाहनोंदणी सर्वत्र सक्तीची करावी असें सांगितलें. तेव्हां लग्नाची नोंद वेळींच करावी, नांवांचीं अक्षरें सर्व कागदांवर एकसारखीं आहेत ना तें पाहावें. आणि जाणाऱ्या मुलीनें एक गोष्ट अवश्य वाचावी: परवान्यावर आपण स्वतःच्या नांवानें आहोंत, कीं केवळ कोणाची तरी पत्नी म्हणून? नवऱ्याची नोकरी सुटली किंवा, देव न करो, संसारच मोडला, तर आपला तेथें राहण्याचा हक्क उरतो कीं नाहीं? हें विचारण्यांत अशुभ कांहीं नाहीं.

तो दाखला पेटींत ठेवतांना तिनें आणखी एक स्मरण ठेवावें. आपल्या रीतीनें झालेलें लग्न परक्या कायद्यानें मानावें, यासाठीं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं कांहीं स्त्रिया तुरुंगांत गेल्या होत्या, आणि त्यांतील एक सोळा वर्षांची होती.